कुठला हात?

रोली व्हीटक्रॉफ्टला बसता येत नसे. गुडघे ठणठणीत होते, पाठ ताठ होती, पण सदुसष्टाव्या वर्षीही खुर्चीत टेकला की पाच मिनिटांत त्याचा उजवा पाय हलायला लागायचा, मग डावा, आणि मग सगळा रोलीच उठून खिडकीशी जायचा. चहा तो चालता चालता प्यायचा आणि अर्धा भरलेला कप जिन्यावर, फळीवर, एकदा तर रस्त्यावरच्या टपालपेटीवर ठेवून विसरला होता. त्याची बायको ग्लेंडा घरभर हे कप गोळा करत फिरायची. "या माणसाच्या बुडाखाली जन्मतःच कुणीतरी निखारा ठेवलाय," असं ती म्हणायची. त्यात कौतुक किती आणि वैताग किती, हे तिलाही सांगता आलं नसतं.

चाळीस वर्षं त्याने इंग्लंडातल्या वर्क्सवर्थ गावावरच्या चुनखडीच्या खाणीत यंत्रं दुरुस्त केली. तिथे हा स्वभाव खपून गेला. पट्टा तुटला, बेअरिंग गेलं, दगड फोडायच्या यंत्राच्या घशात धोंडा अडकला, की रोलीला हाक मारायची. हाक पुरी व्हायच्या आत गडी शिडीवर असायचा. पण निवृत्तीनंतर काय? ग्लेंडाने धास्तीच घेतली. हा दिवसभर घरात येरझारा घालणार आणि आपलं डोकं उठवणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिने त्याला न विचारता गावातल्या लाकूड कातणाऱ्या लेथवाल्यांच्या मंडळात त्याचं नाव घातलं आणि कुणाचा तरी जुना छोटा लेथ आणून परसातल्या शेडमध्ये ठेवला.

"हे उभ्यानेच करायचं काम आहे," ती म्हणाली. "बसायची भीती नाही."

पहिलं वर्ष लाकडी वाट्यांत गेलं. गल्लीतल्या प्रत्येक घरात रोलीची वाटी पोचली, काही घरांत दोन दोन, आणि लोक त्याला पाहून रस्ता बदलायला लागले. मग मंडळात एका पाहुण्या कारागिराने रेझिनमध्ये, म्हणजे ओतून घट्ट होणाऱ्या राळेत, चित्र बसवलेलं पेन दाखवलं. काचेसारखं गुळगुळीत, आणि आत पाण्याखाली असावी तशी एक रेल्वेगाडी. रोलीने ते पेन हातात घेतलं ते परत द्यायलाच तयार होईना. तिथून पुढे वाट्या बंद झाल्या.

काम म्हटलं तर सोपं. पितळेची बोटाएवढी नळी घ्यायची, तिला पांढरा रंग द्यायचा, म्हणजे वरचं चित्र मळकट दिसत नाही. चित्र चिकट कागदावर छापायचं, तेही लेसर प्रिंटरवर. साध्या शाईच्या प्रिंटरवर छापलं तर रेझिनमध्ये रंग पाझरतो आणि नवरीच्या गालावरची लाली गळ्यापर्यंत उतरते. कागद नळीवर गुंडाळायचा, सांधा मागच्या बाजूला, वरून पातळ सुपरग्लूचा हात. मग नळी साच्यात ठेवून पारदर्शक रेझिन ओतायचं आणि साचा हवेच्या दाबाच्या टाकीत बंद करायचा, म्हणजे बुडबुडे दबून जातात. दीड दिवसाने कडक कांडी बाहेर येते. ती लेथवर चढवून पटाशीने कातत आणायची, चित्रावर केसभर रेझिन उरेपर्यंत. आणखी केसभर कातलं की चित्रच सोलून निघतं.

रोलीचा हात कातण्यात पक्का होता. त्याला जड जायचा तो मधला दीड दिवस. टाकी उघडायची नाही, साच्याला हात लावायचा नाही, नुसतं थांबायचं. त्या दीड दिवसात तो खाणीच्या कड्यापर्यंत चढून जायचा, उतरायचा, कुंपण रंगवायचा, शेजाऱ्याचंही रंगवायचा.

लोक चित्रं घेऊन यायला लागले. मेलेली कुत्री, हयात नातवंडं, गावचा बँड, वाफेचे ट्रॅक्टर, बक्षीस मिळालेला भोपळा. एका बाईने तर आपल्या कोंबड्याचं पेन करून घेतलं आणि ते मांडीवर ठेवून रडली. प्रत्येक गिऱ्हाइकाला रोली एक प्रश्न विचारायचा, तोही चित्र बघायच्या आधी.

"कुठला हात?"

याला कारण होतं. आडवं चित्र पेनात बसवलं की त्याला वरची आणि खालची बाजू असते. उजव्या हातात पेन धरलं की निब डावीकडे येते आणि मागचं टोक उजवीकडे, म्हणून चित्र निबेपासून मागे असं लावायचं. तेच पेन डावऱ्या माणसाने धरलं की सगळं डोक्यावर उभं राहतं. सुरुवातीला रोलीला हे कळलं नव्हतं. गुरांच्या डॉक्टरांना त्याने त्यांच्या कुत्र्याचं पेन मोठ्या हौसेने करून दिलं. डॉक्टर डावरे निघाले. "रोली," ते म्हणाले, "दिवसभर आजारी जनावरं बघतोच की मी. आता चिठ्ठी लिहायला घेतली की माझाच कुत्रा चारी पाय वर करून पडलेला दिसतो." तेव्हापासून त्याच्या वहीत तीन रकाने होते: नाव, चित्र, हात. तिसरा रकाना भरल्याशिवाय तो कागद कापायला घ्यायचा नाही. मंडळात नव्या माणसांना हे तो इतक्या वेळा ऐकवायचा की ते त्याच्या मागे त्याची नक्कल करायचे.

दोन वर्षांपूर्वी ग्लेंडा गेली. तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. अर्धे कप आता त्याचे त्यालाच सापडायचे, बुरशी धरलेले.

त्यांना एक मुलगी, लोर्ना. वय तेहतीस, तिकडे चेस्टरफील्डला दातांच्या डॉक्टरकडे नोकरीला. बापलेकीत भांडण असं कधी झालं नाही. भांडायला दोन माणसं एका जागी बसावी लागतात. लहानपणी ती जेवायला बसायची तेव्हा बहुतेकदा रोली खाणीत असायचा, नाहीतर कुणाची तरी मोटार उघडून गल्लीत आडवा असायचा. आता दर रविवारी दहा मिनिटं फोन. हवा कशी आहे, गाडी कशी चालते, जेवता का नीट. ग्लेंडा असती तर तिने फोन हिसकावून घेतला असता आणि तासभर बोलली असती. ती नव्हती, म्हणून दोघं एकमेकांचा श्वास ऐकायचे आणि "बरं मग" म्हणायचे.

लोर्नाने रोलीकडे कधी पेन मागितलं नव्हतं. वाटी दिली तर तिच्यात किल्ल्या ठेवायची. आणि मेच्या सुरुवातीच्या रविवारी, हवा आणि गाडी उरकल्यावर, ती म्हणाली, "बाबा, माझ्या लग्नात सही करायला एक पेन कराल का? आईचं."

रोली चालता चालता थांबला.

"तो मॅटलॉक बाथ गावातला फोटो आहे ना, बाकावरचा. तो घाला. आणि खाली तिचं अक्षर. वाढदिवसाच्या कार्डावरचं. मला वाटतं... सही करताना ती माझ्या हातात असावी."

"करतो की," रोली म्हणाला. एवढंच म्हणाला, पण फोन ठेवल्यावर त्याला बागेला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा लेकीने त्याच्याकडे काही मागितलं होतं जे फक्त तोच करू शकत होता. हे पेन बिघडून चालणार नव्हतं.

फोटो त्याला ठाऊक होता. नदीकाठच्या बाकावर ग्लेंडा, दोन्ही हात बाकाच्या पाठीवर लांब पसरून, मांडीवर बटाट्याच्या चिप्सचा कागद, तोंड उघडं ठेवून हसतेय. बारा वर्षांच्या लोर्नाने काढलेला. रोली त्यात नव्हता, तो रस्त्यापलीकडे मोटारसायकली बघायला गेला होता. पसरलेल्या हातांमुळे चित्र लांबट, पेनासाठीच काढल्यासारखं. खाली त्याने लोर्नाने पाठवलेल्या कार्डावरचं अक्षर बसवलं: "खूप प्रेम, आई."

पेन असं उतरलं की त्याचं त्यालाच खरं वाटेना. एक बुडबुडा नाही, सांधा दिसत नाही, ग्लेंडाचे दात मोजून घ्यावेत. नोंदणी कार्यालयात सहीला टिकाऊ शाईच लागते असं कळल्यावर त्याने ती शाईही आणून भरून पाहिली. लग्न शनिवारी अकराला. मंगळवारी सकाळी पेन तयार होतं, आणि मिरवल्याशिवाय राहवेना म्हणून तो ते घेऊन मंडळात गेला.

मंडळाची चिटणीस एव्हरिल स्पेंडलव्ह सत्तरीची, चष्मा दोरीला बांधलेला, जीभ मात्र मोकळी. तिने पेन उजेडाकडे धरलं, हळूहळू फिरवलं, आणि चष्मा लावून पुन्हा फिरवलं.

"अगदी तीच आहे रे," ती म्हणाली. "आत्ता बोलेल आणि मला म्हणेल, एव्हरिल, तुझ्या केकमध्ये साखर कमी पडली." मग तिने पेन उजव्या हातात धरून बघितलं. "उजवी आहे ना लोर्ना?"

"हो, म्हणजे काय," रोली म्हणाला.

असं म्हणाला खरा, पण शब्द तोंडातून निघाल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याने विचारलंच नव्हतं. वहीत नाव लिहिलं होतं, चित्र लिहिलं होतं, आणि तिसऱ्या रकान्यात त्याच्या हाताने आपोआप 'उ' लिहिला होता, कारण स्वतःच्या मुलीला कोण विचारतं? त्याने डोळ्यांसमोर लोर्ना आणली. शाळेचा गणवेश, गुडघ्यावरची खपली, स्वयंपाकघरातलं टेबल, वही. हात मात्र येईना. डोकं खाली घातलेली मुलगी दिसायची आणि जिथे हात असायला हवा तिथे धुकं.

"काय रे, पांढरा पडलास," एव्हरिल म्हणाली.

"चहा राहिला सकाळचा," म्हणून रोली जो निघाला तो घरी पळतच आला.

माळ्यावर लोर्नाचं खोकं होतं. ते त्याने खाली ओढलं आणि जिन्यावरच उपडं केलं. शाळेचा फोटो सापडला: लोर्ना टेबलाशी, हातात पेन्सिल, उजव्या. रोलीने सुस्कारा सोडला. मग त्याखाली वर्गातल्या मैत्रिणीचा फोटो निघाला, तेच टेबल, तीच पेन्सिल, तोच हात, तीच मान. फोटोग्राफरने सगळ्या वर्गाला एकाच साच्यातून काढलं होतं. वह्या काढल्या. अक्षर गोल, सरळ, ना इकडे कललेलं ना तिकडे. बॅडमिंटनचं पदक सापडलं, रॅकेट धरलेला फोटो नाही. केक कापतानाच्या फोटोत सुरीवर ग्लेंडाचाच हात. पोहायला जातानाच्या फोटोत दोन्ही हात वर. लोर्नाच्या पहिल्या सायकलची साखळी अठ्ठ्याण्णव कड्यांची होती आणि मागचा ब्रेक डावीकडे घासायचा, हे रोलीला लख्ख आठवत होतं. मुलगी कुठल्या हाताने लिहिते, हे आठवत नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. सायकल आठवणाऱ्या त्या डोक्याचा त्याला राग आला.

कुणाला विचारावं? गावात विचारायची सोय नव्हती. बेकरीत एक शब्द टाकला असता तर जेवणाच्या वेळेपर्यंत सगळ्या वर्क्सवर्थला कळलं असतं की अख्ख्या परगण्याला "कुठला हात" विचारत फिरणाऱ्या रोलीला घरच्या पोरीचा हात माहीत नाही.

बुधवारी दुपारी, तिची जेवणाची सुट्टी असते त्या वेळी, त्याने लोर्नाला फोन केला. रविवार सोडून तो कधी फोन करत नसे.

"काय झालं बाबा? पडलात का?"

"पडायला काय झालंय. सहज. ते टेबल... सहीचं टेबल कसं असतं गं?"

"चार पायांचं असेल."

"तसं नाही. तू कुठल्या बाजूला बसणार? खिडकी कुठे? म्हणजे उजेड... हातावर..."

"बाबा, तुम्ही तिथे वायरिंग करणार आहात का?" ती हसली. मागे कुणाच्या तरी दातावर यंत्र घरघरत होतं. "पेन झालं?"

"झालं," रोली म्हणाला. आता विचार, आता विचार, असं त्याचं मन ओरडत होतं. "गाडी कुठे लावायची तिथे?"

"मागे जागा आहे. बरं मग."

"बरं मग."

मग त्याने आपल्या स्वभावाला शोभेल असा तोडगा काढला. दोन पेनं करायची. उजव्या खिशात उजवं, डाव्या खिशात डावं. ती कुठला हात पुढे करते ते बघायचं आणि तो खिसा उघडायचा. कुणाला काही कळायला नको. बुधवारी चारपर्यंत त्याने दुसरी नळी रंगवली, चित्र उलट्या दिशेने गुंडाळलं, रेझिन ओतलं आणि टाकी बंद केली. बाटलीतलं रेझिन संपलं, पण एका पेनाला पुरलं. शुक्रवारी पहाटे कांडी निघेल, दुपारपर्यंत पेन तयार. हिशेब चोख होता. फक्त थांबायचं होतं.

गुरुवारी सकाळी तो कड्यापर्यंत जाऊन आला. अकरा वाजता परत गेला. एक वाजता उभ्यानेच डुकराच्या मांसाची पॅटी खाल्ली आणि शेडमध्ये जाऊन टाकीकडे बघून आला. टाकीच्या काट्यावर दाब जिथे होता तिथेच होता. दोन वाजता त्याने शेड झाडली, तीनला पुन्हा झाडली. ग्लेंडा गेल्यापासून मनात दबून राहिलेलं सगळं त्या दुपारी वर आलं. तिला तीन आठवडे इस्पितळात ठेवलं होतं, तेव्हाही तो तिच्या खाटेशी बसला नव्हता. बाहेरच्या लांब व्हरांड्यात चालत राहिला होता, आणि आत लोर्ना आईचा हात धरून बसली होती. लोर्नाच्या कुठल्या हातात? तेही त्याला माहीत नव्हतं. तो काचेतून बघायचा आणि पुढे जायचा.

चार वाजता त्याने टाकीची हवा सोडली. चोवीस तास झालेत, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि हवा गरम आहे, एवढ्यात होतं. नखाने दाबून बघितलं तर कडक लागलं. कांडी लेथवर चढवली. वरचे थर छान निघाले, पांढऱ्या फिती उडत होत्या आणि रोलीचा जीव जरा खाली बसला. मग घर्षणाने कांडी तापली. आतलं अजून कच्चं असलेलं रेझिन मऊ पडलं, पटाशीची धार आत रुतली, फाडकन आवाज आला आणि काडेपेटीएवढा तुकडा छताला लागून खाली पडला. रोलीने लेथ बंद केला आणि तुकडा उचलला. त्यावर ग्लेंडाचा चेहरा होता. नळीवर नुसते पसरलेले दोन हात उरले होते.

तो तुकडा हातात घेऊन उभा असतानाच एव्हरिल दारात आली, उसना नेलेला शिकंजा परत द्यायला. तिने लेथ बघितला, टाकी बघितली, रोलीचा चेहरा बघितला.

"दुसरं कशाला करत होतास?"

रोलीने सांगून टाकलं. सांगताना तो शेडच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होता, म्हणजे दर खेपेला तीन पावलं.

एव्हरिलने त्याचं सगळं ऐकून घेतलं. "मला वाटायचं, बुधवारच्या बाजारात पोपट विकणारा तो माणूस गावातला सगळ्यात येडा. तुझ्यापुढे तो प्राध्यापक आहे."

"दहातली नऊ माणसं उजवी असतात, एव्हरिल. असेलच ना ती उजवी."

"आणि नसली तर?"

रोली पुन्हा भिंतीकडे वळला.

"फोन कर आणि विचार. दोन शब्दांचा प्रश्न आहे."

"काय तोंडाने विचारू? तेहतीस वर्षांनी? सुतारालाही विचारतो मी, पोस्टमनलाही विचारतो. तिला काय वाटेल?"

"जे वाटायचं ते तिला पाचव्या वर्षीच वाटून गेलं असेल," एव्हरिल म्हणाली. हे तिने तितक्या कठोरपणे म्हटलं नव्हतं, पण रोलीच्या छातीत ते कठोरपणेच शिरलं. "तुला काय वाटेल, याची भीती आहे तुला. तिचं नाव पुढे करू नकोस."

शुक्रवारी सकाळी आठ वाजता त्याने फोन लावला. त्या आधी त्याने तो चार वेळा हातात घेऊन ठेवला होता.

"लोर्ना," तो म्हणाला, "तू कुठल्या हाताने लिहितेस?"

रोली उभा होता तिथून हलला नाही, हललो तर फोन ठेवून देऊ असं त्याला वाटलं.

"डाव्या," लोर्ना म्हणाली.

"मला माहीत नव्हतं."

"माहीत आहे मला, की तुम्हाला माहीत नव्हतं." तिचा आवाज चिडलेला नव्हता. चिडलेला असता तर रोलीला बरं वाटलं असतं. "बाबा, तुमची जेवायची खुर्ची कोपऱ्यात का गेली, आठवतं?"

"हीटर होता ना तिकडे. आईच म्हणाली, तुला गारठा सोसत नाही, तू तिथे बस."

"मी तुमच्या उजवीकडे बसायचे. माझं डावं कोपर तुम्हाला लागायचं, तुम्ही चमचा आपटायचात आणि उठून जायचात. मला वाटायचं, मी काहीतरी वाईट करते. आईने एक दिवस खुर्च्या बदलल्या. मला म्हणाली, हाताला काही झालेलं नाही तुझ्या, बाबा घाईत असतात एवढंच."

पंचवीसेक वर्षं रोली त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत जेवला होता. आजही, बसलाच तर, तिथेच बसायचा. ग्लेंडाने त्याला हीटरचं कारण दिलं आणि लेकीला घाईचं, आणि दोघांच्या मध्ये स्वतः खुर्ची ओढून बसली. आता ती मध्ये नव्हती.

"लोर्ना, मी पेन उजव्याचं केलं. दुसरं करायला घेतलं होतं, ते मी थांबलो नाही म्हणून फाटलं. आता वेळ नाही. आई तुला उलटी दिसेल." त्याने फोन दुसऱ्या हातात घेतला. "तू कार्यालयातल्या पेनाने कर सही. मला राग येणार नाही. चूक माझी आहे. पेनाचीच नाही, सगळीच."

लोर्ना म्हणाली, "आहे ते घेऊन या."

शनिवारी नोंदणी कार्यालयात तो सव्वादहालाच पोचला आणि पावणेअकरापर्यंत त्याने गाड्यांच्या जागेला किती फेऱ्या मारल्या, ते तिथल्या पहारेकऱ्याला विचारा. एव्हरिल टोपी घालून आली होती. लोर्ना फिकट हिरव्या झग्यात आली, केस ग्लेंडासारखेच मागे वळवलेले. शपथा झाल्या. जावई स्टुअर्टचा आवाज मध्येच फुटला आणि लोक प्रेमाने हसले. रोली शेवटच्या रांगेत, दाराजवळ उभा होता. बसायला जागा होती, तरी उभा.

मग दोघांना टेबलाशी बसवलं. नोंदणी करणाऱ्या बाईंनी कागद पुढे सरकवला आणि कार्यालयाचं काळं पेन त्यावर ठेवलं.

"माझं आहे," लोर्ना म्हणाली, आणि मान वळवून तिने बापाला शोधलं. "बाबा."

रोली पुढे गेला, खिशातून पेन काढून दिलं आणि पटकन मागे सरायला लागला. लोर्नाने टोपण काढलं आणि पेन डाव्या हातात घेतलं. तेहतीस वर्षांत त्याने तो हात पहिल्यांदा बघितला. मनगट जरा आत वळलेलं, करंगळीच्या कडेला शाई लागू नये म्हणून हात ओळीच्या खाली धरलेला. सगळं आयुष्य ती अशीच लिहीत आली होती. बोटांच्या वर, पेनाच्या अंगावर, ग्लेंडा तिच्याकडे डोकं खाली करून लोंबकळत होती. लोर्नाने तिच्याकडे नीट बघितलं.

"तिथे नाही, बाबा," ती म्हणाली. "इकडे या. माझ्या समोर, टेबलाच्या पलीकडे."

"पाहुण्यांनी जरा मागे..." बाई म्हणाल्या.

"दोन मिनिटं फक्त. ते फार वेळ थांबत नाहीत."

लोक हसले. रोली टेबलाला वळसा घालून समोर गेला. लोर्नाने निब कागदाजवळ आणली, पेन तिच्या खांद्याकडे कललं, आणि समोर उभ्या असलेल्या रोलीला दिसलं की ग्लेंडा सरळ आहे. उघड्या तोंडाने हसणारी, हात पसरलेली, तोंड त्याच्याकडे. खाली तिचं अक्षर, त्याला वाचता येईल असं. त्या दिवशी बाकासमोर उभं राहून त्याने हे बघायला हवं होतं, आणि तो मोटारसायकलींकडे गेला होता.

लोर्नाने निब टेकवली नाही. तिने वर बघितलं.

"सरळ दिसते?"

रोलीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात वर केला तर ती दिसेनाशी होईल म्हणून त्याने ते पुसलं नाही.

"दिसते," तो म्हणाला.

"मग बघून घ्या सावकाश," लोर्ना म्हणाली. "मी थांबते."